मेडिकल सांभाळून गोव्याची 70.3 जमेल का? (पोहणं कच्चं आहे)

औषधवाला_सातारा
नमस्कार मंडळी. गोव्याची 70.3, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं अशी अर्ध्या आयर्नमनची शर्यत, करायची म्हणतोय. वय 43, वजन 81. पोवई नाक्याजवळ मेडिकल आहे. सकाळी साडेनऊ ते रात्री दहा दुकान, दुपारी 2 ते 4 बायको बसते (तीही डी. फार्म.), तेवढ्यात जेवण आणि डुलकी. पळणं 4 वर्षांपासूनचं. यवतेश्वरचा घाट चढून सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केली, चांगली वेळ 2 तास 34 मिनिटं. सायकल हायब्रिड, सरळ हँडलची. रविवारी कासला जातो, वर पोहे खातो, परत. पोह्यांसाठीच जातो म्हणा ना.

खरी गोची पाण्यात. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला पांगारा बांधून शिकलो, माहुलीला कृष्णेत डुंबलो, पण सगळं तोंड वर ठेवून. पंधरा दिवसांपूर्वी 25 मीटरच्या टँकमध्ये पहिल्यांदा चष्मा लावून तोंड पाण्यात घातलं. पलीकडे पोचेपर्यंत अशी धाप लागली की जीवरक्षक खुर्चीतून उठला. शेजारच्या लेनमध्ये आठ-नऊ वर्षांची पोरगी चकरा मारत होती. म्हणाली, "काका, तुम्ही पाण्यात श्वास सोडता का?"
नाही सोडत. धरून ठेवतो.

मित्र म्हणतात, करायची तर पूर्ण आयर्नमनच कर: 3.8 किमी पोहणं, 180 सायकल, 42.2 पळणं. मला गोव्याची अर्धी बरी वाटते: 1.9, 90 आणि 21.1. (70.3 हे मैल, आपले 113 किलोमीटर.) 11 महिने हातात आहेत. आठवड्याला किती तास लागतील? रोड बाइक (वाकड्या हँडलची, वेगाची सायकल) घ्यावीच लागेल का? घरून विरोध नाही. बायको म्हणाली, "बघा काय ते."

तिसरा_फुगा
राव, पूर्णचं डोक्यातून काढा. त्याला शेवटच्या महिन्यांत आठवड्याला 14-15 तास जातात, ते तुमच्याकडे नाहीत. अर्धीला 8-9 तासांत भागतं.

आता हिशोब. गोव्याला एकूण मुदत 8 तास 30 मिनिटं, त्यात पोहायला 1 तास 10. तुम्ही तासाभरात पाण्याबाहेर आलात, सायकल ताशी 25 ने मारलीत तर 3 तास 36, भर उन्हात पळायला 2 तास 50, बूट-हेल्मेटला 15 मिनिटं. झाले 7 तास 41. हायब्रिडवर 25 निघतो का ते कोरेगाव रोडला बघा. न थांबता. पोहे नाहीत. निघत असेल तर रोड बाइकचे पैसे पोहण्याच्या शिकवणीला घाला.

माझं नाव वाचलंत ना? पहिल्या वर्षी, समुद्रात पोहण्याचा रस्ता दाखवायला तरंगते फुगे असतात त्यातल्या तिसऱ्यापाशीच माझी शर्यत संपली. टँकमध्ये 76 लांब्या म्हणजे 1.9 किमी, त्या मी आरामात मारायचो. पण समुद्रात तळाला काळी रेघ नसते, धरायला भिंत नसते. कुणाची तरी लाथ चष्म्यावर बसली आणि मी श्वास धरला, तुमच्यासारखाच. मदतीला असलेली छोटी होडी (कयाक) धरून दम खाता येतो, नियमात बसतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे मला नंतर कळलं!

दर आठ-दहा हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून फुगा बघायची सवय करा, आमच्या सांगलीच्या मगरी बघतात तसे. (मगरींमुळेच मी सराव नदीत करत नाही.) आणि धरणात एकट्याने उतरू नका. कमरेला केशरी फुगा आणि सोबत पट्टीचा पोहणारा हवाच.

पहाटेची_वेणी
दादा, पांगारा, पोहे, सायकल सगळ्यावर भरभरून लिहिलंत आणि वहिनींवर एक ओळ. "बघा काय ते" म्हणजे होकार नव्हे हो. मीही घरी तेच म्हणते, आणि तेव्हा माझ्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे.

ते 9 तास येणार कुठून? झोपेतून काढलेत तर दोन महिन्यांत अंथरूण धराल. मी शाळेची नोकरी आणि दोन पोरं सांभाळून केलं, तेव्हा फ्रीजवर कागद लावला होता: सोम, बुध, शुक्र डबे ह्यांनी करायचे. भेंडी चिकट व्हायची. पोरं खायची.

खाण्याचीही तालीम लागते. राजगिऱ्याचा लाडू चालत्या सायकलवर खाऊन बघा, निम्मा रस्त्यावर सांडतो. चिक्की दातात बसते. मी शेवटी बिया काढलेल्या खजुरावर आले.

नुसताच_वाचक
त्या पोरीलाच कोच ठेवा.

औषधवाला_सातारा
सगळ्यांचे आभार. कोरेगाव रोडला 23.4 निघाला, म्हणजे काम आहे, पण सायकल तूर्तास हीच.

वेणीताई, काल रात्री शटर अर्धं खाली घेतल्यावर विचारलं. तिचं उत्तर तयारच होतं. मंगळ-गुरू सकाळी 11 पर्यंत दुकान ती बघणार. ज्या रविवारी लांबची सायकल, त्याच्या आदल्या दुपारी ती बसणार नाही. आणि महिन्याच्या महिन्याला एक्स्पायरीचा माल मी काढायचा. एकेक स्ट्रिप उलटी करून तारीख बघायची, खोकं भरायचं, स्टॉकिस्टशी भांडायचं. 14 वर्षं ती करतेय. मला वाटायचं ते आपोआप होतं.

पूर्ण आयर्नमनचं मित्रांना नाही म्हणून कळवलं.

आज सकाळी बुडबुडे सोडत एक लांबी धाप न लागता झाली. पोरगी नेमकी आली नव्हती.