दूरदर्शनवरची मॅच: तुमचे किस्से येऊ द्या

नौपाडाकर:
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. परवा गच्चीवर उरलंसुरलं बघायला गेलो तर टाकीमागे आमचा जुना अँटेना, एक काडी वाकलेली, बाबांनी बांधलेली सुतळी तशीच. एकदम जानेवारी २००७ आठवला, वेस्ट इंडीज आलेले. मॅच दाखवायचे हक्क निंबस कंपनीकडे, दूरदर्शनला फीडच (मॅचचं थेट चित्रण) नाही, मग कोर्टाने सांगितलं दाखवा पण सात मिनिटं उशिरा. आमच्याकडे केबल नव्हती (माझी दहावी!), शेजारी होती आणि भिंत एकच. बडोद्याला सचिनची सेंच्युरी झाली, शेजारी टाळ्या शिट्ट्या, आमच्याकडे गडी अजून शंभराच्या अलीकडेच. बाबा म्हणाले, चला, झाली. आणि तरी तिघंही टीव्हीसमोरून हललो नाही.

कळवापूल:
आमच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम दार उघडून "गेलाऽऽ" ओरडायच्या. कोण गेला ते सांगायच्या नाहीत. छळ नुसता

वाशीचा_पेन्शनर:
रडू नका, दूरदर्शनचा माजही कमी नव्हता. १९९३ पर्यंत मॅच दाखवायची तर दूरदर्शन क्रिकेट बोर्डाकडूनच पैसे मागायचं! मग हीरो कप स्पर्धेला बंगालच्या क्रिकेट असोसिएशनने परदेशी कंपनीला हक्क विकले आणि जुंपली. ९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी जनतेच्या, सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर बोली लावायची वेळ आली की आमच्या दूरदर्शनचा खिसा फाटका. आता आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचे ४८,३९० कोटी, बोला.

कोपरीची_सून:
२०१७ मध्ये कोर्टाचा निकाल आला की खासगी चॅनेलकडून दूरदर्शनला मिळणारी मॅचची फीड केबलवरच्या डीडीवर नाही, फक्त अँटेना नाहीतर फ्री डिश (दूरदर्शनची फुकट छत्री). सासऱ्यांना वाटलं केबलवाल्याने मुद्दाम बंद केलं, फोन करून असा झापला त्याला! तो आपला "काका माझ्या हातात नाही हो". पुढच्या महिन्यात पैसे घ्यायला आलाच नाही, मलाच जाऊन द्यावे लागले. कुकर झाला, नंतर येते

घोडबंदर_ट्रॅफिक:
@नौपाडाकर भाडं किती देतोय बिल्डर? आमचंही घाटतंय

नौपाडाकर:
व्यनि (खाजगी मेसेज) केलाय. कॉर्पस (बिल्डरने सोसायटीला द्यायचा निधी) आधी लिहून घ्या

नेरुळवाली:
सात मिनिटांचं काय घेऊन बसलात, मी डीवाय पाटील स्टेडियमच्या मागेच राहते. २०२५ च्या नोव्हेंबरात बायकांची वर्ल्डकप फायनल, तिकीट नाही, फोनवर बघतेय. आपली बोलर दीप्ती अजून रनअपला उभी आणि खिडकीतून हाऽऽऽ असा आवाज, काचा थरथरल्या. आई म्हणाली काय झालं गं? म्हटलं थांब, अजून व्हायचंय! मग कॅप्टन हरमनने कॅच घेतला. पैसे भरूनही आपण उशिराच, हे एक बरंय.

कळवापूल:
काकूंना नेरुळला पाठवतो

वाशीचा_पेन्शनर:
अँटेना ॲल्युमिनियमचा असेल तर भंगारवाल्याला वजनावरच द्या, नगावर फसवतात.