दा नांगची आतषबाजी स्पर्धा: मुक्काम कुठल्या काठावर करावा?

नदीकाठ: जूनमधल्या एका शनिवारी व्हिएतनाममधल्या दा नांगची आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धा बघायची आहे. तिकीट काढून स्टँडमध्ये बसावं, की काठावरून फुकट दिसतं तेवढं पुरे? राहावं कुठे? आई सोबत आहे, तिला एक-दीड किलोमीटरच्या वर चालवत नाही. रविवारी सकाळचं परतीचं विमान आहे.

भटकी: तिकिटाच्याही आधी काठ ठरवा. हान नदी शहराच्या मधून उत्तरेकडे समुद्राला मिळते. विमानतळ आणि हान बाजार पश्चिमेला, तर 'मी खे' हा समुद्रकिनारा आणि स्पर्धेचे स्टँड पूर्वेला, त्रान हुंग दाव रस्त्यावर. त्या संध्याकाळी नदीलगतचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि कार्यक्रम सुटला की पुलांवर दुचाक्यांचा पूर लोटतो. ग्रॅब या टॅक्सी अ‍ॅपवर गाडी दिसते, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मुक्काम पूर्वेलाच, नदी आणि मी खे यांच्यामध्ये करा. आईंसाठी हॉटेल ते तिकिटावर छापलेलं प्रवेशद्वार हे पायी अंतर नकाशावर मोजा. नुसतं 'नदीजवळ' बघून फसायला होतं, कारण स्टँड लांबलचक असतो आणि चुकीच्या टोकाला गेलात तर बराच वळसा पडतो. रविवारी सकाळी पूल ओलांडायला काहीच अडचण नाही.

ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा. एका प्रवेशाचे २५ डॉलर लागतात. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. वडिलांचं नाव गाळलं किंवा आडनाव भलत्या रकान्यात गेलं, की विमानात बसतानाच अडवतात.

सुतळी: तिकीट काढाच. ही स्पर्धा संगीतावर बेतलेली असते. एका रात्री साधारणपणे दोन देशांचे संघ, प्रत्येकाची जेमतेम वीस-बावीस मिनिटं. खरी कसोटी असते ती ठेक्यावर बार उडण्याची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबून बघाल तर आकाशात फुललेल्या दारूच्या गोळ्याचा धमाका तीन सेकंद उशिरा कानावर येतो. लांबून संगीत ऐकू आलं तरी मेळ बसलेला कळतच नाही.

दुसरं म्हणजे उंची. ढोबळ हिशोब असा, की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला शंभर फूट. सहा इंची गोळा १८० मीटरच्या आसपास फुटतो, तो शहरातून कुठूनही दिसेल. पण पाण्यालगत पंख्यासारखे सुटणारे झोत आणि कारंजी पुढच्या डोक्यांमागे आणि इमारतींमागे जातात. चांगल्या संघाचं निम्मं कसब तिथेच असतं, ते चुकलं तर फार वाईट.

आणि वारा बघा. वारा तुमच्याकडे येत असेल तर शेवटचा मारा नुसत्या उजळलेल्या धुरात संपतो. वारा पडला तर धूर जागच्या जागी साचतो, त्यावर मात्र कुणाचाच इलाज नाही.

तिपाई: धुरावरून सांगते, फोटो पहिल्या पाच मिनिटांतच काढून घ्या. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं. गोळा वर सुटताना उघडा आणि फुलून विझला की मिटा, म्हणजे दोन ते पाच सेकंद. फोकस उजेड असतानाच पलीकडच्या इमारतीवर लावून मॅन्युअल करून ठेवा. अंधारात ऑटोफोकस भरकटतो. शेवटच्या पांढऱ्या माऱ्याला शटर एका सेकंदावर आणा, नाहीतर सगळं जळून पांढरं येतं. स्टँडमध्ये तिपाई उभी करून मागच्यांची वाट अडवू नका, मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाची काठी, बरा. फोनवर एक्सपोजर कमी करून लॉक करा. पावसासाठी रेनकोटच घ्या, छत्रीने मागच्या रांगेला काही दिसत नाही.

नदीकाठ: आभार! पूर्वेलाच बघतो. ड्रॅगन पुलाची आगही त्याच रात्री जमेल का?

भटकी: नाही जमणार. ड्रॅगनच्या आकाराचा ६६६ मीटरचा तो पूल स्टँडच्या बराच दक्षिणेला आहे. एरवी शनिवारी-रविवारी रात्री ९ ला ड्रॅगन आग आणि मग पाणी सोडतो, पण स्पर्धा रात्री ८ च्या सुमारास सुरू होऊन त्याच वेळेवर येते. शक्य असेल तर परतीचं विमान सोमवारचं करा. रविवारी पुलाच्या पूर्व टोकाशी उभे राहा, ड्रॅगनचं डोकं तिकडे आहे. मात्र अगदी त्याच्या खाली नको, आई चिंब भिजतील.