बॅटरी बदलायची घाई करू नका

टॅब रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळी चाळीस टक्क्यांच्या पुढे जात नाही, म्हणून बॅटरी बदलू का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकांनी 'बदला' म्हटलंय. मी म्हणेन, जरा थांबा.

आधी चार्जिंग केबलची पिन टॅबमध्ये खोचून बघा. शेवटी 'टक्' न होता ती थोडी बाहेरच राहते का? माझ्या फोनचं हेच झालं होतं. केबल एका कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. फोन बंद करून, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने पोर्टच्या कडेकडेने हळूच कोरलं, तर खिशातल्या धाग्यांचा घट्ट दाबलेला बोळा निघाला. सुई किंवा टाचणी मात्र अजिबात घालू नका, आतल्या पिना वाकतात.

मग चार्जरवरचे बारीक आकडे वाचा. ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे फक्त ५ वॉट. बऱ्याच टॅबना १० वॉट किंवा जास्त लागतात, त्यामुळे स्क्रीन चालू असेल तर आलेली वीज तिथेच खर्च होते. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टवर तर जेमतेम २.५ वॉट मिळतात. केबलही बदलून बघाच.

टॅब पूर्ण उतरून बंद पडला असेल तर अर्धा तास लावून ठेवा, लगेच काही दिसत नाही.

आणि हे कळकळीने सांगतो: पाठ फुगलेली किंवा स्क्रीन उचललेली दिसली, तर चार्जिंग लगेच बंद करा आणि टॅब दुरुस्तीला द्या. तिथे मात्र बॅटरी बदलायलाच हवी.