रिया, न्यांदू, चोइके : मराठीत काय लिहावं?

अनुवादिनी : दक्षिण अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात रिया नावाच्या, उडता न येणाऱ्या पक्ष्याच्या दोन जाती आहेत. आधीच्या मसुद्यात दोन्हींना ‘अमेरिकन शहामृग’ म्हणून मोकळं केलंय. ‘मोठा रिया’ आणि ‘लहान रिया’ चालेल का? शिवाय तो रिया की ती? भाचीचं नावही रिया, त्यामुळे ‘रियाला पिसं फुटली’ लिहिताना हात अडखळतो.

माळरान : ताई, शहामृग नकोच. शहामृगाच्या पायाला दोन बोटं, रियाच्या पायाला तीन. गल्लत मात्र जुनी आहे. लिनिअसने १७५८ मध्ये रियाला शहामृगाच्याच प्रजातीत बसवलं होतं, आणि अर्जेंटिनातले गाउचो, म्हणजे तिथले घोडेस्वार गुराखी, त्याला ‘आवेस्त्रुस’ म्हणजे शहामृगच म्हणत. (जाता जाता: आपल्या शहामृगातला ‘मृग’ हरणाचा नाही, फारसी ‘मुर्ग’चा आहे. मुर्ग म्हणजे पक्षी.)

एमूला आपण एमूच म्हणतो, तसं रियाला रिया म्हणावं. आणि ‘तो’ लिहा. या पक्ष्यांत घरट्यावर नर बसतो. अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालून पुढच्या नराकडे निघून जातात. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बाबांकडे.

जुना वाचक : ‘मोठा बगळा’, ‘लहान बगळा’ आपल्याकडे रुळलेत, कारण दोन्ही आपण तळ्याकाठी पाहतो. रिया मराठी वाचकाने पाहिलेला नसतो. ‘लहान रिया’ वाचलं की त्याला पिल्लूच वाटणार.

आणि नेमकं हेच डार्विनचं झालं! अर्जेंटिनातल्या रिओ नेग्रो नदीजवळ गाउचोंकडून त्याने ‘आवेस्त्रुस पेतिसे’, म्हणजे बुटक्या शहामृगाबद्दल ऐकलं होतं. नदीच्या उत्तरेला नेहमीचा रिया, दक्षिणेला हा बुटका. पुढे १८३३ च्या अखेरीस त्याचं बीगल जहाज पातागोनियात, म्हणजे खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या मुलखात, पोर्ट डिझायरला थांबलं असताना जहाजावरच्या चित्रकाराने, कॉनरॅड मार्टेन्सने, एक रिया मारला. डार्विनने पाहिलं आणि नेहमीच्याच जातीचं अर्धवट वाढलेलं पोर समजून सोडून दिलं. पक्षी शिजला, खाऊनही झाला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग डोकं, मान, पाय, पंख, मोठी पिसं आणि बरंचसं कातडं असं जे उरलं होतं ते गोळा केलं. त्या उष्ट्यावरून इंग्लिश पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८३७ मध्ये जातीला डार्विनचं नाव दिलं. पण फ्रेंच निसर्ग-अभ्यासक दोर्बिन्यीने १८३४ मध्येच ‘पेन्नाटा’ हे नाव दिलेलं असल्याने शास्त्रात तेच टिकलं.

पाखरू : काका, मग तिथलेच शब्द घेऊ या की. मोठ्या जातीला न्यांदू, हा ग्वारानी भाषेतला शब्द. पातागोनियातल्या लहान जातीला चोइके, तो मापुचे लोकांच्या भाषेतून आलेला. अँडीजच्या उंच पठारावर या लहान जातीचे जे पक्षी आहेत त्यांना ‘सुरी’ म्हणतात. काही अभ्यासक त्यांना वेगळी जात मानतात. मराठीत तो शब्द टाळलेला बरा, ‘पठारावरून सुरी धावली’ कोण छापणार? न्यांदूतलं जोडाक्षरही सोडू नका. ‘नांदू’ झालं की थेट सासरी पोचलो.

ओळखीची खूणही लेखात येऊ द्या. न्यांदू राखाडी-तपकिरी, उंची दीड मीटरपर्यंत, वजन वीस किलोच्या वर, नराच्या मानेचा बुंधा काळपट. चोइके बुटका, पाठीवरच्या तपकिरी पिसांची टोकं पांढरी. आणि त्याची पिसं तंगडीच्या वरच्या भागावरही उतरलेली असतात. ‘पेन्नाटा’ म्हणजे पिसांचा, ते यावरूनच.

अनुवादिनी : ठरलं. पहिल्या उल्लेखात ‘न्यांदू, म्हणजे मोठ्या जातीचा रिया’ आणि ‘चोइके, म्हणजे लहान जातीचा रिया’, पुढे नुसतं न्यांदू आणि चोइके. दोन्ही पुल्लिंगी. आता सामान्यरूप सांगा: ‘चोइक्यांचे थवे’ की ‘चोइकेंचे’?

जुना वाचक : चोइकेंचे. ‘चोइक्यांचे’ लिहिलंत तर वाचक मूळ शब्द ‘चोइका’ धरेल. आणि थवे कसले, हे धावणारे पक्षी. कळप लिहा.