मोगऱ्याला खत भरपूर, कळी एकही नाही. काय कमी पडतंय?

सावईची_लेक (मडगाव)

नमस्कार मंडळी. माझं माहेर सावईवेऱ्याला. आईला आता झाडांना पाणी घालणं होत नाही, म्हणून तिचा मोगरा फेब्रुवारीत मुळासकट काढून इथे कुंडीत आणला. तिथे तो विहिरीजवळ उघड्यावर होता, एप्रिलमध्ये रोज ओंजळभर कळ्या द्यायचा. इथे तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडची बाल्कनी आहे, वर स्लॅब आहे. मार्चपर्यंत रोप छान होतं. मेपासून फांद्या लांबच लांब सुटू लागल्या आणि आता जुलैत सगळ्या कठड्याबाहेर वाकल्यात. आज पट्टी घेऊन मोजलं. माहेरून आलेल्या जुन्या फांदीवर दोन पेरांमध्ये दीड इंच अंतर आहे, नव्या फांदीवर साडेतीन. नवी पानं पातळ, पोपटी. खालची पिवळी पडून गळतात.

उपाशी राहतोय असं वाटून शेणखत घातलं, शेंगदाण्याची पेंड घातली, मासे धुतलेलं पाणी तर रोजच. आई दर फोनला विचारते, "फुलला का गो?" गणेश चवथीपर्यंत चार फुलं तरी यावीत असं फार वाटतं. अजून काय घालू?

रानवेडा (पेडणे)

आधी पेंड आणि माशांचं पाणी बंद करा. पावसाळी हवेत ते कुंडीत कुजतं आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळंसुद्धा श्वास घेतात. खालचं भोक बुजलंय का तेही बघा. पिवळ्या पानांचं एक कारण तिथेच सापडेल.

कुळागरकार (फोंडा तालुका)

ताई, तुम्ही पेरं मोजलीत ते फार चांगलं केलंत. उत्तर त्या दीड आणि साडेतीन इंचांतच आहे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता वडिलांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

झाड खतावर जेवतं हा समज मुळातून काढायला हवा. वान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात 200 पौंड वाळवलेल्या मातीत विलोचं 5 पौंडांचं रोप लावलं आणि 5 वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड, माती घटली जेमतेम 2 औंस. सगळं लाकूड पाण्यातूनच झालं असं त्याला वाटलं. हवेचा वाटा त्याच्या लक्षात आला नाही. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांकडून आलेलं पाणी उन्हाच्या जोरावर फोडतं आणि त्यातून साखर तयार करतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्या फुटलेल्या पाण्यातला. फांदी, कळी, वास, सगळं त्या साखरेतून येतं. खतातलं नत्र आणि मॅग्नेशियम हरितद्रव्य बनवायला लागतं, ते हवंच. पण खत म्हणजे चुलीचे तीन दगड, जळण म्हणजे ऊन. दगड कितीही रचले तरी जळणाशिवाय भात शिजत नाही.

आता तुमची बाल्कनी. दक्षिणेकडे तोंड म्हणजे भरपूर ऊन, असं आपण धरून चालतो. गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला परततो. मधल्या तीन महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन पडतच नाही. डिसेंबरात हेच ऊन तिरपं होऊन तुमच्या घरात आतपर्यंत येत असेल, आठवून बघा. फेब्रुवारीत रोप आणलंत तेव्हा ऊन होतं. एप्रिलमध्ये ते स्लॅबने अडवलं, मेमध्ये सूर्यच पलीकडे गेला, जूनमध्ये ढग आले. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, घरात काहीशे. पानाला तो फरक पोटात कळतो.

हे माझ्या वडिलांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मिरीचा वेल ते पोफळीच्या उत्तरेच्या अंगाला लावायचे, म्हणजे पावसानंतरच्या दक्षिणेकडच्या उन्हाने कोवळा वेल करपत नाही. कडेच्या पोफळींची खोडं नैऋत्येच्या बाजूने भाजतात, म्हणून तिकडून झावळ्या बांधायचे. मी मुलगा असताना त्यांच्या हाताखाली त्या बांधल्यात, उगाच बांधतोय असं तेव्हा वाटायचं.

वाकण्याचं म्हणाल तर, शेंड्याला उजेडाची दिशा कळते. डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली हे मांडलं: गवताच्या कोंबाच्या टोकावर उजेड न जाणारी टोपी घातली तर कोंब वाकत नाही. टोकाकडून ऑक्सिन नावाचं द्रव्य अंधाऱ्या बाजूला जास्त उतरतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि फांदी उजेडाकडे कलते. लांब पेरं ही त्याचीच जोड. होती नव्हती ती साखर रोपाने उंची गाठण्यात घातली, कळीसाठी काही उरलं नाही. नवी पानं पोसायला खालच्या पानांतलं नत्रही काढून घेतलं.

कुंडी उघड्या गच्चीवर न्या. जुलैचं ढगाळ आभाळ त्यासाठी चांगलं, सावलीतली पानं एकदम कडक उन्हात भाजतात. निबर झालेल्या वाकड्या फांद्या सरळ होणार नाहीत. नवे फुटवे आले की त्या अर्ध्यावर छाटा. मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत. चवथीला फुलं येतील असं मी सांगू शकत नाही. मार्चनंतर नक्की बघा.

छतावरची_बाग (पणजी)

गच्ची नसेल तर एलईडी ट्यूब रोपाच्या वर वीतभर अंतरावर, रोज 12 तास. तुळस जगते, मोगऱ्याला मात्र ते पुरत नाही, मी करून पाहिलंय. सर, एक विचारू का? तुळस रात्रीही ऑक्सिजन देते म्हणतात ते खरं का?

कुळागरकार (फोंडा तालुका)

नाही. पाणी फोडायला उजेड लागतो, अंधारात तुळससुद्धा आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरते. रात्रीचं वेगळं काम करतो तो अननस. तो रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो आणि दिवसा छिद्रं मिटून त्याची साखर करतो, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. पण ऑक्सिजन त्याचाही दिवसाचाच. सावईवेरे हे अननसांचं गाव, तिथल्या ताईंना अननस नव्याने सांगायला नको.

सावईची_लेक (मडगाव)

सर, खूप आभार. सोसायटीची परवानगी काढून कुंडी गच्चीवर नेली, आज बारा दिवस झाले. पेंड खरवडून काढली, भोक खरंच बुजलं होतं. बुंध्याजवळ दोन फुटवे आलेत, पानं लहान पण जाड आणि गडद. पहिली दोन पेरं मोजली, पावणेदोन इंच.

आईला फोनवर सगळं सांगितलं, सूर्य उत्तरेला जातो तेही. ती म्हणाली, "विहिरीजवळ मी तो असाच नव्हता लावला गो. दोन ठिकाणी लावून बघितला, मग तिथे नेला. तिथे दिवसभर वत (ऊन) असायचं."

डिसेंबरात छाटणी करताना फोटो टाकते.