चांगले लेखक वाचून, त्यांच्यावर बोलून आपले लेखन सुधारते का?

नौपाडा, ठाणे :
गेले दीड वर्ष आम्ही सात जण दर रविवारी तलावपाळीजवळच्या एका घरी जमतो आणि एका लेखकाचे एकच पान मोठ्याने वाचतो. माझे ठाम मत झाले आहे की, लेखन सुधारायचे तर नुसते वाचून भागत नाही, वाचलेल्याविषयी दुसऱ्याशी बोलावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) ही कादंबरी मी कॉलेजात असताना एका बैठकीत संपवली होती. पण माडगूळकरांची वाक्ये किती आखूड आहेत आणि विशेषणे ते किती हात राखून वापरतात, हे गटातल्या एकाने बोट ठेवून दाखवले तेव्हाच माझ्या लक्षात आले. त्या रात्री आजीवरच्या माझ्या लेखातली 'उदास, भयाण, कातर संध्याकाळ' मी खोडली आणि 'आजीने दिवा लावला नव्हता' एवढेच ठेवले.

ऐरोली, नवी मुंबई :
मला हे पटत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी 31 वर्षे पाळीत काम केले. पाळी सुटताना लॉगबुकात नोंद करावी लागे. सुरुवातीला मी एकदा 'पंपाचा आवाज बरोबर वाटत नाही' असे लिहिले, तर पुढच्या पाळीच्या ऑपरेटरने रात्री घरी फोन करून विचारले, कोणता पंप आणि कसला आवाज? तेव्हापासून मी 'दोन नंबरच्या पंपाचे सील गळत आहे, स्टँडबाय पंप चालू केला आहे' असे लिहू लागलो. हे मला कोणा साहित्यिकाने नव्हे, कामाने शिकवले. शिवाय चर्चेची चटक लागली की लिहायचे राहून जाते.

नेरुळ :
जी. ए. कुलकर्णींच्या कथांवर महिनाभर बोलल्यानंतर माझ्या तिन्ही कथांत त्यांच्यासारखेच नियती आणि ओसाड माळ आले. मी तर सीवूड्ससारख्या शहरी वस्तीत वाढले.

नौपाडा, ठाणे :
काका, तो फोन म्हणजेच चर्चा. तुमची नोंद कळली नाही, हे सांगणारा वाचक तुम्हाला मिळाला. 1982 मध्ये बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हेच काम करीत. कथेतले कच्चे दुवे लेखकाला कळवून ते पुन्हा लिहायला लावीत. ताईंचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही.

ऐरोली, नवी मुंबई :
फोन आला तो नोंद लिहिल्यानंतर. तुमच्याकडे आधी वाचन येते. त्यापेक्षा प्रत्येकाने आधी आपले पान लिहून आणावे, आणि ते जिथे अडेल तिथे माडगूळकर उघडावेत.