मांडी घालता येत नाही, तरी आईला योग सुरू करता येईल का?

कापूसवाट (यावल)
आई ६१ वर्षांची. हंगामात अजून कापूस वेचायला जाते, कोणाचं ऐकत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली, हलका व्यायाम करा म्हणाले. म्हणून एका योगवर्गाला नेलं, तर पहिल्याच दिवशी वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसवलं. रात्रभर कण्हत होती. आता योगाचं नाव काढलं तरी चिडते. मांडी न घालता काही करता येतं का?

तापीकाठ
वज्रासन आधी बंद करा भाऊ. माझे वडील खुर्चीवर बसूनच सगळं करतात.

पहाटपाठ (अमळनेर)
भाऊ, आईंचं चिडणं मला समजतं. मी इथे बायकांचा वर्ग घेते. सत्तावीस वर्षांची असताना पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवायचा हट्ट धरला होता. शिकवणाऱ्यांनी पाठीवर दाब दिला आणि मांडीच्या मागे चर्रकन झालं. पाच महिने नीट बसता येत नव्हतं, आणि तेवढे दिवस मी स्वतःलाच दोष देत होते.

तरीही शिकवायला लागल्यावर मीही सगळ्यांना पुढेच वाकवत होते. एका दिवाळीनंतर वेचणीहून थेट आलेल्या मावशींना वाका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दिनभर वाकेलच शे ना माय." मला रडूच आलं. कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकलेल्या बाईला मी संध्याकाळी पुन्हा वाकवत होते! त्या दिवसापासून आधी विचारते, आज काय काम केलं, कथा दुखस, म्हणजे कुठे दुखतं?

लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकायला गेले तेव्हा कळलं, १९२४ साली ते सुरू करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी आपल्या अमळनेरातच शिकवत होते. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण लावून तपासलं. मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटलं की आसनाआधी शरीराकडे पाहावं.

आईंसाठी सांगते. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की गोधडीवर उताणं झोपवा आणि पोटऱ्या खाटेवर ठेवा. कंबर आणि गुडघे काटकोनात आले की कमरेवरचा ताण उतरतो. खाली बसणं-उठणंच जड जात असेल तर पलंगावरच निजवा, पोटऱ्यांखाली गाद्यांची चळत. श्वास घेताना मनात तीन मोजायचे, सोडताना पाच. कोंडायचा नाही, बीपी असेल तर मुळीच नाही. दहा मिनिटं. पहिला आठवडा एवढंच, हे मी आग्रहाने सांगते, कारण घरचे लोक दुसऱ्याच दिवशी नवं आसन मागतात.

मग खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करून मांडीचा स्नायू पाच आकडे आवळायचा, आणि सोडायचा. गुडघ्याला आधार त्या स्नायूचाच असतो. पाठ मोकळी वाटू लागली की मकरासन, म्हणजे पालथं पडून विसावणं, पुढे तसंच पालथं राहून कोपरांवर टेकून छाती जरा उचलायची, ते हलकं भुजंगासन. त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. दात आवळले किंवा श्वास अडखळला, की तिथेच थांबायचं. गुडघा सुजला किंवा गरम लागला तर त्या दिवशी सुट्टी, आणि डॉक्टरांना दाखवा.

तापीकाठ
ताई, उन्हाळ्यात वर्ग किती वाजता?

पहाटपाठ (अमळनेर)
पहाटे साडेपाचला, गच्चीवर. मे महिन्यात ऊन चढलं की फरशीवर पाय ठेववत नाही.

कापूसवाट (यावल)
ताई, काल आईला "योग" हा शब्दच सांगितला नाही. म्हटलं, पाय खाटेवर टाकून जरा पड. मोजता मोजता डोळा लागला तिचा. आज वेचणीहून आली आणि स्वतःच गोधडी अंथरली. डोक्याखाली उशी मागते, देऊ का?

पहाटपाठ (अमळनेर)
द्या ना. लुगड्याची एक घडी पुरे, हनुवटी छातीकडे जाईल इतकी उंच नको.